अरीयपग : टेकडी की न्यायसभा?

आजचं व्याख्यान एका नावावर आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात ते येतं. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ते 'अरीयपग' या रूपात ओळखीचं आहे, ग्रीकमध्ये ते 'आरेइओस पागोस' असं आहे. तासभर एकाच नावावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण या नावाचा अर्थ काय धरायचा यावर पौलाचं अथेन्समधलं भाषण कोणासमोर झालं हे ठरतं, आणि कोणासमोर झालं यावर ते काय सांगतं हे ठरतं. म्हणून हे नाव आज आपण सावकाश उलगडून पाहू.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. शुभवर्तमानांत आणि 'कृत्ये'मध्ये एखादं अरामी स्थलनाम आलं, की लेखक बहुधा थांबून त्याचा अर्थ देतो. हकलदमा म्हणजे रक्ताचं शेत, गुलगुथा म्हणजे कवटीची जागा. ग्रीक वाचकाला ती नावं परकी, म्हणून हा खुलासा. आरेइओस पागोस लिहिताना मात्र लूक कसलाही खुलासा करत नाही, कारण त्याच्या वाचकाला गरजच नव्हती. नाव ऐकताच त्याला अर्थही ऐकू येत होता आणि त्यामागचा इतिहासही. आपली अडचण इथेच सुरू होते. अरामी नावं मराठीत आली ती अर्थ सोबत घेऊन, आणि ग्रीक नावं आली ती नुसता आवाज घेऊन. 'अरीयपग' हा शब्द आपल्या कानाला काहीच सांगत नाही.

तर शब्दाकडे वळू. 'पागोस' म्हणजे खडक, खडकाळ उंचवटा. 'आरेइओस' म्हणजे आरेसचा. आरेस हा ग्रीकांचा युद्धदेव. रोमन लोकांनी त्याला आपल्या मार्सशी जोडलं, म्हणून इंग्रजीत 'मार्स हिल' झालं. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसच्या वायव्येला हा उघडा, चुनखडीचा खडक आजही आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११५ मीटर. पायथ्याशी पौलाच्या भाषणाचा ग्रीक मजकूर कोरलेला ब्राँझचा पत्रा लावलेला आहे.

आरेसचाच खडक का, याच्या ग्रीकांकडेच दोन कथा होत्या. एक कथा अशी की पोसायडनचा मुलगा हालिर्रोथिओस याला आरेसने मारलं, आणि त्या खुनाबद्दल देवांनी याच खडकावर आरेसचा न्याय केला. जगातला पहिला खुनाचा खटला तो. दुसरी कथा एस्किलस देतो : अथेन्सवर चालून आलेल्या ॲमेझॉन स्त्रियांनी इथे तळ ठोकला आणि आरेसला बळी दिले. इतिहासात असंच पुन्हा घडलं. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने ॲक्रोपोलिसला वेढा घातला तो याच खडकावर बसून, असं हेरोडोटस नोंदवतो. एका कथेत खून आहे, दुसरीत हल्ला, पण दोन्हींत रक्त आहेच.

आणि त्या खडकावर बसणारी सभा ही रक्तपाताचाच न्याय करणारी होती. मोठ्या अधिकाराची पदं भूषवून झालेले लोक, ज्यांना आर्खोन म्हणत, ते या सभेचे आजन्म सदस्य होत. एके काळी साऱ्या राज्यकारभारावर तिची नजर असे. इ.स.पू. ४६२च्या सुमारास एफिआल्तेस नावाच्या पुढाऱ्याने तिचे बहुतेक राजकीय अधिकार काढून घेतले, आणि मुख्यतः मनुष्यवधाचे खटले तिच्याकडे राहिले. तेही सगळे नाहीत, जाणूनबुजून केलेल्या वधाचे. नकळत झालेल्या वधाचा खटला पल्लादिओन नावाच्या वेगळ्या ठिकाणी चाले. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात ही वाटणी स्पष्ट दिली आहे. ती लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

रोमन काळात चक्र उलट फिरलं. लोकसभेचं बळ ओसरलं आणि ही जुनी सभा पुन्हा शहराची मुख्य सत्ता झाली. अथेन्सचा कारभार अरीयपगाची सभा चालवते, अशा अर्थाचं वाक्य सिसेरोच्या लिखाणात सहज, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणून येतं. त्या काळच्या अथेन्सच्या शिलालेखांत नावांचा क्रम ठरलेला दिसतो : आधी अरीयपगाची सभा, मग नगरसभा, मग लोक. पौल अथेन्सला आला तो इ.स. ५०च्या आसपास. म्हणजे तेव्हा 'आरेइओस पागोस' या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी जिवंत होते. एक खडक, आणि एक सत्ता. आपल्याकडे 'मंत्रालय' म्हटलं की इमारतही कळते आणि सरकारही कळतं, तसंच काहीसं.

आता लूक काय सांगतो ते पाहू. पौल फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया असा त्रास सोसत अथेन्सला पोहोचतो आणि सोबत्यांची वाट पाहत थांबतो. शहरभर मूर्ती पाहून त्याचा जीव अस्वस्थ होतो. तो सभास्थानात बोलतो, आणि बाजारचौकात रोज भेटेल त्याच्याशी वाद करतो. एपिकूर आणि स्तोयिक मतांचे तत्त्वज्ञ त्याला गाठतात. काही जण त्याला 'स्पेर्मोलोगोस' म्हणतात. हा बाजारातला शब्द आहे. सांडलेले दाणे टिपत हिंडणारा पक्षी, आणि त्यावरून इकडून तिकडून ऐकलेलं पुढे सांगत फिरणारा माणूस. दुसरे म्हणतात, हा परक्या देवतांचा प्रचारक दिसतो. लूक याचं कारणही देतो : पौल येशू आणि 'अनास्तासिस' सांगत होता. अनास्तासिस म्हणजे पुनरुत्थान. चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तोमचं म्हणणं असं की अथेन्सकरांनी हे देवीचं नाव समजलं. येशू हा एक देव आणि अनास्तासिस ही त्याची जोडीदार! ग्रीकमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे गैरसमज अगदीच अशक्य नाही.

परक्या देवता आणणं ही अथेन्समध्ये साधी कुरबूर नव्हती. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर जो आरोप झाला त्यात नव्या देवता आणल्याचं कलम होतंच. सॉक्रेटिसचा खटला अरीयपगापुढे चालला नव्हता, तो लोकांतून निवडलेल्या मोठ्या न्यायमंडळापुढे चालला, हे इथे स्पष्ट करायला हवं. बरेचदा ही गल्लत होते. पण बाजारचौकात भेटेल त्याच्याशी संवाद करणारा माणूस आणि त्याच्यावर आलेला देवतांचा आळ, एवढ्यावर लूकच्या वाचकाला सॉक्रेटिस आठवला नसेल तरच नवल.

मग ते पौलाला धरून आरेइओस पागोसवर, किंवा आरेइओस पागोसपुढे, नेतात. आमचा सगळा वाद या 'वर' आणि 'पुढे'मध्ये आहे. ग्रीक शब्दयोगी 'एपी' दोन्ही अर्थ देतो. खडकावर चढवलं असाही, आणि सभेपुढे उभं केलं असाही. लूकची सवय पाहिली तर मात्र पारडं एका बाजूला झुकतं. आधीच्या अध्यायात फिलिप्पैमध्ये पौलाला अधिकाऱ्यांपुढे ओढत नेतात तिथे हाच शब्द आहे. याच अध्यायात थेस्सलनीकात यासोनाला नगराधिकाऱ्यांपुढे नेतात, पुन्हा हाच शब्द. पुढच्या अध्यायात करिंथला गल्लियोच्या न्यायासनापुढे नेतात, तिथेही हाच. गावोगाव एकच चाल चालली आहे. तीन शहरांत 'पुढे' आणि मधल्या अथेन्समध्ये फक्त 'वर', असं वाचायचं असेल तर त्याला सबळ कारण द्यावं लागेल.

दुसरा पुरावा 'मध्ये' या शब्दाचा आहे. पौल आरेइओस पागोसच्या मध्यभागी उभा राहिला, असं लूक म्हणतो. भाषण संपल्यावर पौल 'त्यांच्या मधून' निघून गेला, असंही तो म्हणतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच. शेवटी 'त्यांच्या मधून' म्हणजे माणसांमधून, तर सुरुवातीलाही माणसांमध्येच. खडकाच्या मधोमध उभा राहिला असं कोणी म्हणत नाही.

तिसरा पुरावा आपल्या मराठीत हमखास निसटतो. भाषणानंतर विश्वास ठेवणाऱ्यांत दिओनुस्य नावाचा एक गृहस्थ आहे, आणि लूक त्याला 'आरेओपागितेस' म्हणतो. आता आपल्या बायबलची एक लकब बघा : रोमकरांस पत्र, करिंथकरांस पत्र, इफिसकरांस पत्र. गावाच्या नावाला '-कर' लावायचा, की तिथला रहिवासी झाला. सातारकर, पंढरपूरकर म्हणतो तसं. त्याच सवयीने दिओनुस्याला 'अरीयपगकर' म्हटलं, की मराठी कानाला वाटतं, हा त्या टेकडीवर राहणारा कोणी. पण त्या खडकावर वस्ती कसली? 'आरेओपागितेस' म्हणजे त्या न्यायसभेचा सदस्य, शहराच्या सर्वोच्च मंडळातला माणूस. एका '-कर'ने एक न्यायाधीश साधा गावकरी होऊन जातो.

भाषांतरांचा इतिहास इथे बोलका आहे. पाचव्या शतकापासून सिरियाई चर्चमध्ये रूढ असलेल्या पेशित्ता बायबलने या नावाला स्वतःहून 'न्यायाचं घर' अशी जोड दिली, कारण सिरियाई वाचकाला नुसतं नाव कळणार नव्हतं. ल्यूथरच्या जर्मन भाषांतरात पौलाला न्यायाच्या जागी नेलं जातं. पण इंग्रजीतल्या १६११च्या किंग जेम्स बायबलने एक गंमत केली. एकोणिसाव्या वचनात ग्रीक नाव तसंच ठेवलं आणि तीनच वचनांनी, बाविसाव्यात, त्याच नावाचं 'मार्स हिल' केलं. ग्रीकमध्ये जे एक नाव आहे, ते इंग्रजी वाचकाला दोन जागा वाटल्या. त्यातली दुसरी, टेकडी, लोकांच्या मनात बसली. मोकळं आकाश, मागे मंदिरं आणि खडकावर उभा राहून हात उंचावणारा वक्ता, हे चित्र तिथून पसरत गेलं. आजची बरीच इंग्रजी भाषांतरं 'अरीयपगाच्या सभेत' अशी रचना करतात ती याच कारणाने.

मग सभा बसली तरी कुठे? खडकावरच, की खाली चौकात? चौकाच्या वायव्य कोपऱ्यातल्या राजस्तंभगृहात, म्हणजे 'स्तोआ बासिलेइओस'मध्ये, दोरी लावून ही सभा बसत असे असा उल्लेख डेमोस्थेनिसच्या नावावरच्या एका भाषणात आहे. त्या इमारतीचे अवशेष १९७० मध्ये सापडले. तो उल्लेख पौलाच्या चारशे वर्षं आधीचा, त्यामुळे पौल नेमका तिथेच उभा होता असं म्हणता येणार नाही. पण सभा खडकावरून खाली आली तरी नाव खडकाचंच राहिलं, एवढं त्यातून नक्की कळतं. ग्रीसचं आजचं सर्वोच्च न्यायालयही 'आरिओस पागोस' म्हणूनच ओळखलं जातं, आणि ते काही त्या खडकावर भरत नाही.

एक गोष्ट आम्ही मान्य करतो. हा पुरता खटला नव्हता. फिर्यादी नाही, कलम नाही, मतदान नाही, शिक्षा नाही. विचारणारे सभ्यपणे विचारतात, आणि अथेन्सकरांना नवं काही ऐकण्याशिवाय दुसरा उद्योग नाही, असा चिमटा लूकही काढतो. पौलाला 'धरलं' हा शब्दसुद्धा दुधारी आहे. लूक तो अटकेसाठी वापरतो, आणि बर्णबा पौलाला आपुलकीने सोबत नेतो तिथेही वापरतो. म्हणून आमचं वाचन असं : ही चौकशी होती. शहरात नवी देवता येते आहे का, आणि आली तर तिला जागा द्यायची का, हे पाहण्याचा ज्यांना अधिकार आहे अशांपुढची चौकशी. आता हे मनात धरून भाषण पुन्हा ऐकू.

पौल सुरुवात करतो एका वेदीपासून, 'अज्ञात देवाला' वाहिलेल्या. अथेन्सच्या परिसरात 'अज्ञात' म्हटलेल्या देवांच्या वेदी होत्या हे पावसानिआसही लिहितो, तो पौलानंतर शंभरेक वर्षांनी तिथे हिंडला होता. पण या वेदींची एक जुनी कथा आहे, ती दिओगेनिस लाएर्तिओसने दिली आहे. शहरात साथ आली. क्रीट बेटावरून एपिमेनिदेस नावाच्या साधूला बोलावलं. त्याने काळी आणि पांढरी मेंढरं आणून मोकळी सोडली आणि सांगितलं, जिथे जे मेंढरू बसेल तिथे त्या जागेच्या देवाला ते अर्पण करा. कोणता देव ते माहीत नाही, म्हणून वेदी बिननावाच्या राहिल्या. आणि मेंढरं सोडली कुठून? आरेइओस पागोसवरून. म्हणजे पौल ज्या सभेपुढे बोलतो आहे, तिच्याच खडकाच्या कथेतला धागा तो हातात घेतो आहे. ही कथा त्याला किंवा लूकला ठाऊक होती असा दावा आम्ही करत नाही. पण श्रोत्यांच्या शहराची ती कथा होती. आणि युक्तिवाद म्हणून ही सुरुवात अचूक आहे. नवा देव आणल्याचा आळ असलेला माणूस म्हणतो, नवा नाही हो, तुमच्याकडे त्याची जागा आधीपासून आहे, फक्त नाव नाही.

पुढे देव हातांनी बांधलेल्या मंदिरांत राहत नाही असं तो म्हणतो, आणि बाजूलाच पार्थेनॉन उभं आहे. सगळी राष्ट्रं एकापासून झाली असं म्हणतो, आणि समोर बसलेत ते अथेन्सकर. आम्ही कुठूनही आलो नाही, याच मातीतून उगवलो, असा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा अभिमान होता. इथे 'एका रक्तापासून' असा पाठ पुष्कळ उत्तरकालीन हस्तलिखितांत आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत 'रक्त' हा शब्द नाही, म्हणून बहुतेक संपादक तो गाळतात, आणि ते बरोबरच आहे. मग आपल्याच किलिकिया प्रांतातल्या कवीचं, अरातोसचं, एक वचन तो पुढे करतो. माणूस हा देवाचाच वंश आहे, असा त्याचा भाव. इथवर स्तोयिक मंडळींनी मान डोलावली असेल.

आणि मग शेवटच्या दोन वचनांत भाषणाची दिशा बदलते. टेकडीवरच्या प्रवचनासारखं वाचलं तर ही वचनं जोडल्यासारखी वाटतात. न्यायसभेपुढचं बोलणं म्हणून वाचलं तर सारं भाषण तिथेच येऊन पोहोचत होतं असं दिसतं. पौल म्हणतो, अज्ञानाचे दिवस देवाने मनावर घेतले नाहीत, पण आता सर्वांनी पालटावं. आता ती वाटणी आठवा. नकळत केलेलं कृत्य आणि जाणून केलेलं कृत्य यांत फरक करणं हेच तर अथेन्सच्या वधविषयक कायद्याचं मूळ, आणि जाणून केलेल्याचा निवाडा या सभेकडे. 'आजवर तुम्ही नकळत होतात, आता कळलं आहे.' हे वाक्य कुठेही अर्थपूर्ण आहे, पण या मंडळींना ते जास्त कळावं. पुढे तो म्हणतो, जगाच्या न्यायाचा एक दिवस ठरला आहे, न्याय करणारा माणूस नेमला आहे, आणि याची 'पिस्तिस' देवाने दिली आहे. पिस्तिस हा शब्द नव्या करारात पानोपानी 'विश्वास' या अर्थी येतो. इथे मात्र त्याचा अर्थ आहे प्रमाण, पुरावा. ॲरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वशास्त्रात न्यायालयातल्या प्रमाणांना हाच शब्द वापरतो. दिवस, न्यायाधीश, पुरावा. चौकशीला आणलेला माणूस चौकशी करणाऱ्यांना सांगतो आहे की तारीख तुमचीही लागली आहे.

आणि पुरावा कोणता? अनास्तासिस. मेलेल्यातून उठवलेला माणूस.

इथे आम्हाला एस्किलसकडे परत जावं लागतं. इ.स.पू. ४५८ मध्ये त्याची 'ओरेस्तेइआ' ही नाट्यत्रयी रंगमंचावर आली, एफिआल्तेसच्या त्या बदलांनंतर चारेक वर्षांनी. तिच्या शेवटच्या नाटकाचा, 'एउमेनिदेस'चा, विषय आहे या न्यायसभेचा जन्म. ओरेस्तेसने आईला मारलं आहे. रक्ताचा सूड घेणाऱ्या देवता त्याच्या मागे आहेत. रक्ताला रक्त, त्याला पुन्हा रक्त, ही साखळी थांबवायला अथेना देवी न्यायसभा नेमते. वादाच्या ओघात अपोलो एक कारण देतो. बेड्या पडल्या तर सोडवता येतात, पण माणसाचं रक्त एकदा मातीने शोषलं, तो मेला, की त्याला अनास्तासिस नाही. यावर झ्यूसनेही मंत्र केलेला नाही. शब्द तोच आहे, अनास्तासिस.

मित्रहो, हे नीट ऐकावं असं आम्हाला वाटतं. मेलेला माणूस परत येत नाही, म्हणून खून हा सर्वांत गंभीर गुन्हा. तो भरून काढता येत नाही, म्हणूनच सूडाच्या जागी विचारपूर्वक न्याय हवा. ही सभा उभी आहे ती या समजुतीवर. आणि पाचशे वर्षांनी एक परदेशी त्याच सभेत उभा राहून म्हणतो, एक माणूस परत आला आहे. त्याला मारलं होतं, तेही न्यायाच्या नावाखाली. आणि शेवटचा न्याय त्याच्या हातात आहे.

मग काही जण हसले. ते का हसले याचं नेहमीचं उत्तर असं की ग्रीकांना आत्म्याचं अमरत्व पटे, देहाचं उठणं पटत नसे. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. नाव नीट ऐकलं तर या हसण्यामागे त्या जागेचीच जुनी समजूत ऐकू येते.

यावर आक्षेप येईल, आणि यायलाच हवा. अनास्तासिस हा ग्रीकमधला रोजचा शब्द. उठणं, उभं राहणं, इतकाच त्याचा मूळ अर्थ. लूकने एस्किलस वाचला होता याला पुरावा काय? पुरावा नाही. लूकने हा प्रतिध्वनी मुद्दाम योजला असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच की या सभेच्या जन्माची कथा अथेन्सने जगाला ऐकवली होती, आणि तिचं नाव घेणाऱ्या वाचकाला ती ऐकू येण्याची शक्यता होती. टीकेचं काम कधीकधी लेखकाच्या मनात शिरण्याचं नसतं. दोन मजकूर एकाच जागेवर उभे राहून परस्परविरुद्ध बोलतात, हे दाखवलं तरी पुरे.

आता दुसरा प्रश्न, पौल अथेन्समध्ये हरला का? हे मत जुनं आहे. विल्यम रॅमसे यांनी १८९५च्या आपल्या पौलावरच्या पुस्तकात ते ठळकपणे मांडलं. पौलाने इथे तत्त्वज्ञान करून पाहिलं, ते फसलं, म्हणून करिंथला जाताना त्याने ठरवलं की यापुढे फक्त वधस्तंभ सांगायचा. आधार म्हणून करिंथकरांस पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय दाखवतात. आम्हाला हे पटत नाही. त्या उताऱ्यात अथेन्सचं नावही नाही, तिथे विषय आहे करिंथकरांच्या गटबाजीचा आणि वक्तृत्वाच्या हौसेचा. आणि लूकचा हिशोब पाहा : काही हसले, काहींनी पुन्हा ऐकू म्हटलं, काहींनी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणाऱ्यांत दोन नावं, दामारी नावाची एक स्त्री आणि दिओनुस्य. टेकडीवरचं प्रवचन समजलं तर दोन माणसं ही तुटपुंजी कमाई वाटते. न्यायसभा समजली तर चौकशी करणाऱ्यांपैकीच एक जण ऐकणाऱ्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला आहे. लूकने त्याचं पद लिहिलं ते उगाच नाही.

त्या एका पदवीचं वजन पुढे किती वाढलं पाहा. इ.स. ५००च्या सुमारास कोणा अज्ञात लेखकाने ईश्वराच्या अज्ञेयतेवर गहन ग्रंथ लिहिले आणि त्यावर नाव घातलं दिओनुस्याचं. हजारेक वर्षं युरोपने ते प्रेषितांच्या शिष्याचे म्हणून वाचले. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्लाने शंका घेतली तेव्हा कुठे बुरुज हलला. आणि १६४४ मध्ये मिल्टनने छपाईवरच्या परवान्याविरुद्ध इंग्लंडच्या पार्लमेंटला उद्देशून पुस्तिका लिहिली, तिचं नाव 'अरीओपॅजिटिका'. त्यात त्याने मुख्यतः इसोक्रातेसच्या भाषणाचं नाव उचललं होतं. पण सत्तेच्या सभेपुढे उभं राहून तिलाच विचारायला लावणं, हा अर्थ त्या नावात होताच.

शेवटी मराठीचं काय? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली, ती मूळ शब्दाची किंमत त्यांना ठाऊक होती म्हणून. त्या वाटेने जायचं तर 'अरीयपग' हे नाव बदलायची गरज नाही. नाव आहे, ते राहू द्यावं. पण पौलाला जिथे नेलं तिथे 'अरीयपगाच्या सभेपुढे', तो जिथे उभा राहिला तिथे 'सभेच्या मध्यभागी', आणि दिओनुस्याला 'अरीयपगाच्या सभेचा सदस्य' म्हणावं. तळटीप एका ओळीची पुरेल : आरेसचा खडक, अथेन्सची मनुष्यवधाचा न्याय करणारी जुनी सभा. एवढं छापलं तरी मराठी वाचकाला ते भाषण कोणासमोर झालं ते कळेल. आणि तोवर आपण वाचणाऱ्यांनी तरी तो अध्याय उघडला की टेकडी मनातून बाजूला सारावी, आणि पौलासमोर बसलेल्या न्यायाधीशांचे चेहरे आधी डोळ्यांपुढे आणावेत.

इथेच थांबतो.